बांधावरचा धूर

घरी आपण 'अनार' म्हणतो आणि बाजारात गेलो की 'डाळिंब' म्हणतो. नाव कोणतेही घ्या, सांगोल्याची ओळख या फळाने झाली आहे. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच निघाली आणि फळे व भाजीपाला घेऊन पश्चिम बंगालमधील शालिमारला गेली. त्या दिवशी आपल्या लहानशा स्थानकाचे नाव साऱ्या देशाने ऐकले. आपल्या तालुक्यात पाऊस कमी. माण नदी वर्षातील बहुतेक दिवस कोरडी. अशा ठिकाणी थेंबाथेंबाने पाणी देऊन डाळिंब पिकवायचे, ही सोपी गोष्ट नव्हे.

परंतु आज मला फळाविषयी लिहायचे नाही. फळ गाडीत बसून निघून गेल्यावर शेतात जे उरते, त्याविषयी लिहायचे आहे.

बहर धरण्यापूर्वी डाळिंबाची छाटणी करतात. मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहर असल्यामुळे वर्षातून अनेक वेळा कुठे ना कुठे छाटणी चालू असते. अशा दिवसांत सकाळी शाळेत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुराच्या रेघा दिसतात. बांधावर काटेरी फांद्यांचा ढीग रचलेला असतो आणि तो पेटवलेला असतो. कधी कधी धुराचा वास बदलतो. घशात काहीतरी कडवट अडकल्यासारखे होते. समजावे, की त्या ढिगात प्लॅस्टिकही टाकले आहे.

आपल्या शेतात प्लॅस्टिक किती आले आहे, हे तुम्ही कधी मोजले आहे काय? ठिबकच्या नळ्या आहेत. कलिंगड आणि ढोबळी मिरचीच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर आहे. ऊन आणि कीड लागू नये म्हणून झाडांवर घातलेले पांढरे कापड आहे. दिसायला कापड, पण तेही प्लॅस्टिकच. खताच्या गोण्या आहेत. आणि सर्वांत मोठा तो शेततळ्याचा कागद. त्याला आपण कागद म्हणतो खरे, पण ती अर्धा मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची चादर असते. काही वर्षे ती पाणी धरते, मग उन्हाने कडक होऊन फाटते. या सर्व वस्तूंनी आपल्या कोरड्या मुलखाला पाणी वाचवायला शिकवले. त्यांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या निकामी झाल्या, की त्यांचे काय करायचे हे कोणीच सांगितलेले नाही.

वर्गात मी एकदा हा प्रश्न विचारला. जिच्या घरी डाळिंबाची बाग आहे अशी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, भंगारवाला नळ्या घेतो. पण मल्चिंग पेपर घेत नाही. म्हणतो, यात प्लॅस्टिक कमी आणि माती जास्त आहे." तिच्या या उत्तरात मला एका मोठ्या विषयाची किल्ली सापडली. तिकडे मी शेवटी येईनच.

आधी एक प्रयोग सांगतो. तो आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत केला. डाळिंबाच्या वाळलेल्या फांदीचे लहान तुकडे जाड काचेच्या परीक्षानळीत भरले. बुचातून एक वाकडी नळी काढून तिचे टोक थंड पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या परीक्षानळीत सोडले. मग फांदीचे तुकडे असलेली नळी खालून तापवली. आत हवा फारशी नसल्यामुळे लाकूड पेटले नाही. ते काळे पडत गेले. थोड्या वेळाने दुसऱ्या नळीत तपकिरी पाणी जमू लागले. त्याला धुराचा आणि सिरक्याचा वास होता. निळा लिटमस कागद बुडवला, तो लाल झाला. बाहेर येणाऱ्या वायूजवळ काडी नेली, तर वायू जळू लागला. मुले आनंदाने ओरडली. जी फांदी बांधावर जाळल्यावर मूठभर राख उरते, तिच्यातून कोळसा, डांबर, आम्ल आणि जळणारा वायू अशा चार वस्तू मिळाल्या होत्या. फरक एवढाच होता, की आम्ही हवा बंद केली होती.

हा शोध नवा नाही. खनिज तेलाचे युग येण्यापूर्वी ॲसेटिक आम्ल आणि मिथेनॉल लाकडापासूनच मिळवत असत. मिथेनॉलला तर 'लाकडी अल्कोहोल' असेच नाव होते. (ते विषारी आहे, हेही ध्यानात ठेवा.) शेजारच्या कर्नाटकात भद्रावती येथे १९२३ साली लोखंडाचा कारखाना सुरू झाला. तिथे लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागे, आणि कोळसा करताना निघणारा धूर वाया न घालवता त्यातून अशी रसायने काढत.

त्याहूनही मागे जाऊ. विज्ञानाच्या पुस्तकात 'अल्कली' हा शब्द तुम्ही वाचता. तो अरबी 'अल-कली' या शब्दापासून आला. खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपे जाळून जी राख मिळते, तिला अरबीत 'कली' म्हणत. तिच्यापासून साबण आणि काच करीत. आपल्याकडचा सज्जीखार हा त्याच जातीचा पदार्थ. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबीच. 'अल-कुह्ल' म्हणजे सुरमा. बारीक कुटलेल्या भुकटीचे हे नाव पुढे कोणत्याही वस्तूच्या अर्काला लागले आणि शेवटी एका द्रवापुरते उरले. सांगायचे हे, की झाडापासून रसायन काढणे ही माणसाची जुनी विद्या आहे. मध्यंतरीची शे-दीडशे वर्षे जमिनीतून स्वस्त तेल मिळू लागले, म्हणून आपण ती विसरलो. गंमत अशी, की १८७० च्या सुमारास अमेरिकेत जे सेल्युलॉइड नावाचे प्लॅस्टिक बाजारात आले, तेही कापसाच्या तंतूंपासून आणि कापरापासून बनवलेले होते!

आता प्रश्न पडेल, की जुन्या विद्येकडे परत का जायचे? कारण हिशोब कार्बनचा आहे. जमिनीतील तेल जाळले, की कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन हवेत जातो. झाडाने मात्र आपला कार्बन या वर्षी, गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो. तो परत गेला तर हवेचे कर्ज वाढत नाही. म्हणून झाडापासून केलेल्या रसायनाला नूतनीकरणक्षम म्हणतात. प्लॅस्टिकला हे नाव देता येत नाही, कारण ते बहुतेक खनिज तेलातूनच आलेले असते. पण टाकाऊ प्लॅस्टिकपासून पुन्हा रसायन केले, तर तेवढे नवे तेल जमिनीतून काढावे लागत नाही. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या एक नाहीत. वर्तमानपत्रांत कधी कधी त्या एकच समजून लिहितात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

लाकडात साधारण चाळीस टक्के सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती तोडली, की साखर मिळते. साखरेवर यीस्ट सोडले तर अल्कोहोल होते, आणि विशिष्ट जिवाणू सोडले तर लॅक्टिक आम्ल होते; दुधाचे दही होताना जे तयार होते तेच हे आम्ल. त्या आम्लाचे कण पुन्हा एकमेकांना जोडले, तर एक प्रकारचे प्लॅस्टिक तयार होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने अशा प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ साली जेजुरी येथे सुरू केला. याच कंपनीच्या तंत्रावर हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना उभा राहिला. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल करावे, अशी त्याची योजना आहे. आणि आपल्या राज्यातच, कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीला, साखर कारखान्याच्या मळीपासून निघालेल्या अल्कोहोलमधून शाई, रंग आणि औषधांना लागणारी रसायने कितीतरी वर्षे तयार होत आहेत.

प्लॅस्टिकची गोष्ट जरा अवघड आहे, कारण प्लॅस्टिक हे एक नाव असले तरी तो एक पदार्थ नव्हे. शेततळ्याचा कागद, ठिबकची नळी, मल्चिंग पेपर ही सारी पॉलिथिनची भावंडे. त्यांना हवाबंद भट्टीत चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवले, की त्यांच्या लांब साखळ्या तुटतात आणि तेल मिळते. त्या तेलापासून पुन्हा प्लॅस्टिकचा कच्चा माल करता येतो. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक वेगळे; त्याला असे तापवून उपयोग नाही, त्याची माळ रसायनांनी हळूच उलगडावी लागते. आणि पाण्याच्या मोटारीचा तो करडा कडक पाइप? त्यात क्लोरीन असतो. तो चुकून भट्टीत गेला, तर तीव्र आम्लाची वाफ निघते. ती माणसाच्या छातीला घातक आणि भट्टीच्या लोखंडालाही घातक. म्हणून मुलांनो, लाकडाचा प्रयोग शिक्षकांसमोर करा, पण प्लॅस्टिक तापवण्याचा प्रयोग घरी किंवा शाळेत कधीही करू नका.

जेजुरीचे नाव या विषयातही येते. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी 'रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन' या संस्थेमार्फत तिथे टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन तेल काढण्याचा प्रकल्प उभा केला. पुण्यातील घराघरांतून प्लॅस्टिक गोळा करताना त्यांचा आग्रह असतो, की ते स्वच्छ आणि कोरडे असावे. हे दोन शब्द लक्षात ठेवा. मला वाटते, भट्टीइतकेच महत्त्व या दोन शब्दांना आहे. मात्र इंधनाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. प्लॅस्टिकचे तेल करून ते शेवटी जाळायचेच असेल, तर ते दोन हप्त्यांत जाळण्यासारखे झाले. बांधावर जाळण्यापेक्षा ते पुष्कळ बरे, यात शंका नाही. पण तेलापासून पुन्हा वस्तू झाली, तरच आपण काही वाचवले असे म्हणता येईल.

शास्त्रज्ञ आता आणखी एक पाऊल पुढे गेले आहेत. ते झाडाचा कचरा आणि प्लॅस्टिक एकाच भट्टीत तापवून पाहत आहेत. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आमच्या परीक्षानळीतले तपकिरी पाणी आंबट होते, कारण लाकडात ऑक्सिजन फार आणि हायड्रोजन कमी. असे तेल टिकत नाही, घट्ट होते, भांडी खाते. पॉलिथिनमध्ये ऑक्सिजन मुळीच नाही. हायड्रोजन मात्र भरपूर. दोघे एकत्र तापले आणि योग्य उत्प्रेरक मिळाला, की प्लॅस्टिकमधला हायड्रोजन लाकडातल्या ऑक्सिजनला पाणी करून बाहेर काढतो. उरलेले तेल खनिज तेलाच्या जवळ जाते. त्यातून टोल्युईन, झायलीन यांसारखी रसायने मिळू शकतात. झायलीनपासून तर तुमच्या गणवेशातला पॉलिएस्टरचा धागा होतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी ही जोडी आहे.

हे ऐकून एक मुलगा लगेच म्हणाला, "मग सर, बांधावरचा ढीग आहे तसाच उचलून भट्टीत टाकावा. फांद्या आहेत, प्लॅस्टिक आहे!" प्रश्न हुशारीचा होता. मी त्याला विचारले, "तुझी अम्मी सालनात मीठ, मिरची, हळद एकत्र घालते ना? मग या तिन्ही वस्तू एकाच डब्यात का ठेवत नाही?" एकत्र करायचे ते भांड्यात, मापाने. डब्यात सर्व वेगवेगळेच हवे. बांधावरच्या ढिगात माती किती, करड्या पाइपचा तुकडा आहे की नाही, गोणीत औषधाचा अंश उरला आहे की काय, हे कोणाला ठाऊक? असा ढीग कोणतीही भट्टी पचवू शकत नाही.

आणि म्हणूनच मला वाटते, की या विषयातला अवघड भाग रसायनशास्त्राचा नसून गोळा करण्याचा आहे. याला एक जुना पुरावा देतो. १९२२ साली अमेरिकेतील सीडर रॅपिड्स या गावी एका धान्याच्या गिरणीने ओटच्या टरफलांपासून फरफ्युराल नावाचे रसायन मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. लॅटिन भाषेत 'फरफर' म्हणजे कोंडा. त्यावरून हे नाव पडले. पण हे रसायन तर त्याआधी शंभर वर्षे माहीत होते. मग कारखाना तेव्हाच का झाला? कारण गिरणीच्या दारात टरफलांचा डोंगर साचला होता. एकाच जातीचा, स्वच्छ, कोरडा आणि एका जागी. साखर कारखान्याच्या चिपाडाचेही तसेच आहे. ऊस स्वतः गाडीत बसून कारखान्यात येतो, म्हणून चिपाड आणि मळी तिथेच मिळते आणि त्यांचे काहीतरी होते. आपल्या फांद्या मात्र हजार बांधांवर विखुरलेल्या आहेत. हलक्या आणि काटेरी. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन थोडेच भरते. वाहतुकीचा खर्च कोण देणार?

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मोठ्या शहरातले लोक 'शेतीतला कचरा' हा शब्द फार सहज वापरतात. त्यात ते ज्वारीचा कडबाही धरतात. त्यांनी २०१८-१९ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यातील चारा छावण्या पाहायला हव्या होत्या. खिल्लार बैल आणि गाई दावणीला बांधून माणसे महिनोन्महिने छावणीत राहिली. तेव्हा कडब्याची एकेक पेंढी किती मोलाची होती, हे तुमच्या घरच्यांना विचारा. कडबा हा कचरा नाही. जे जनावराच्या पोटात जाते आणि जे शेणखत होऊन मातीत परत जाते, त्याला कोणत्याही कारखान्याने हात लावू नये. कारखान्याने घ्यावे ते बांधावर जळणारे. डाळिंबाची फांदी गुरे खात नाहीत. शिवाय रोगट फांद्या बागेत ठेवता येत नाहीत. तेल्या रोग पसरू नये म्हणून त्या बागेबाहेर काढून नष्ट कराव्याच लागतात. शेतकरी जाळतो तो काही अडाणीपणाने नव्हे. त्याला दुसरी वाट दिसत नाही. भट्टीत रोगाचे जंतूही मरतील आणि वर काही हाती लागेल, अशी वाट त्याला कोणी दाखवली तर तो काडी का पेटवील?

प्लॅस्टिकच्या बाबतीत तर माझे म्हणणे आणखी स्पष्ट आहे. २०२२ साली केंद्र सरकारने नियम केला, की वेष्टनासाठी प्लॅस्टिक वापरणाऱ्या उत्पादकांनी ते परत गोळा करण्याची आणि त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी घ्यावी. चांगला नियम आहे. पण शेततळ्याचा कागद किंवा मल्चिंग पेपर म्हणजे काही वेष्टन नव्हे. बिस्किटाच्या पुड्याची जबाबदारी कोणावर तरी आली आणि शेतभर पसरलेल्या चादरीची कोणावरच नाही, हे मला पटत नाही. नवा कागद घेऊन येणारी गाडी शेतावरून रिकामी परत जाते. तिनेच जुना कागद घेऊन जावा आणि विकणाऱ्याने त्याची किंमत नव्या कागदाच्या बिलातून वजा करावी, असे का होऊ नये? बाजार समितीच्या आवारात एक छप्पर टाकून तिथे नळ्या एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला, गोण्या तिसऱ्या बाजूला ठेवायला फार खर्च येईल असे वाटत नाही. डाळिंबाचे संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र २००५ पासून आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरला आहे. रसायनांचे संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा पुण्यात आहे. विद्या लांब नाही. तिच्या दारात नेऊन ठेवायला आपल्याजवळ स्वच्छ ढीग नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी एकदा भेटलो. त्यांना म्हणालो, "चाचा, मल्चिंग पेपर धुऊन दिला तर भंगारवाला घेईल." ते हसले. म्हणाले, "मास्तर, झाडाला पाणी नाही आणि प्लॅस्टिकला कुठून आणू?" मी शाळेत शिकवलेले सारे विज्ञान त्या एका वाक्यापुढे गप्प झाले. मग त्यांनीच उपाय काढला. पेपर काढल्यावर तो तसाच गुंडाळायचा नाही. तारेच्या कुंपणावर दोन दिवस उन्हात टाकायचा, माती वाळली की काठीने झटकायचा आणि मग गठ्ठा बांधायचा. त्या वर्षी त्यांनी मुलांना हाताशी धरून तसे केले. भंगारवाला आला. त्याने गठ्ठे उलटेपालटे करून पाहिले, हाताने चोळले. पाच गठ्ठ्यांपैकी तीन घेतले. दोन परत केले आणि म्हणाला, "यांना आणखी एक ऊन दाखवा."